कानावर मोजलेला पक्षी, काट्यावर मोजलेला मासा

ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या सड्यावर जुलैत पक्षी मोजायचे असतील तर दुर्बीण घरी राहिली तरी फारसं बिघडत नाही. ढग जमिनीला टेकलेला असतो. चष्म्यावर पाणी, वहीची पानं ओली, आणि समोरची पवनचक्की दिसत नाही, नुसती ऐकू येते. अशा वेळी मोजणी कानानं करायची. एका जागी उभं राहायचं, दहा मिनिटं हलायचं-बोलायचं नाही, आणि गवतातून, झुडपातून, ढगातून जे जे बोलेल ते लिहून घ्यायचं. कोण, साधारण किती अंतरावर, कुठल्या बाजूला. पावशा काय, कुणालाही ओळखता येतो. मलबारी चंडोल मात्र दुसऱ्यांच्या नकला करून घोटाळा घालतो. आणि मग एखाद्या उतारावर, कमरेएवढ्या गवतातून, ज्याच्यासाठी आपण भिजत उभे असतो तो उठतो.

इंग्रजीत ब्रॉड-टेल्ड ग्रासबर्ड. मी आपला त्याला गवतपक्षी म्हणते. बुलबुलापेक्षा थोडा लहान, तपकिरी, समोर येऊन बसला तरी कुणी वळून बघणार नाही असा. रुंद, गडद, टोकांना फिकट कडा असलेली शेपटी ही त्याची सगळी इस्टेट. एरवी तो गवताच्या बुडख्यातून बाहेर यायला तयार नसतो. पावसाळा लागला की नराला कंठ फुटतो. गवतातून सरळ वर झेपावतो, हवेत थरथरत शेपटी पूर्ण फाकवतो, बारीक, काहीशी धातूच्या आवाजाची लकेर घेतो, शेवटी 'चक्, चक्' असे दोन-चार तुटक सूर टाकतो आणि पुन्हा गवतात बुडी मारतो. सगळं काही क्षणांत आटपतं. हा पक्षी पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठंही नाही. म्हणजे सातारकरांनी अभिमान बाळगायचा तर कंदी पेढ्याच्या बरोबरीनं याचाही बाळगायला हरकत नव्हती. पण कासला फुलं बघायला येणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलं असेल, हे विचारायची सोय नाही.

कानानं मोजण्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकते. गातो तो नर. एक गाणारा नर म्हणजे एक जोडी, असं धरून पुढे जायचं असतं. मादी मोजली जात नाही, ती गृहीत धरली जाते. कुटुंबप्रमुखाच्या नावावर अख्खं घर नोंदवायची आपली जुनी रीत पक्ष्यांच्या बाबतीतही चालू आहे म्हणायची. शिवाय पवनचक्कीच्या पात्यांचा 'हुंऽऽ' असा आवाज बारीक लकेर गिळून टाकतो, आणि वारा उलटा असेल तर शंभर पावलांवरचा पक्षीही वहीत येत नाही. तरीही या मोजणीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती मोलाची आहे हे मला पक्ष्यांमुळे कळलं नाही, माशांमुळे कळलं. त्याकडे येते.

आययूसीएन ही निसर्गरक्षणाची जागतिक संस्था; धोक्यात आलेल्या जीवांच्या तिच्या लाल यादीत गवतपक्षी 'व्हल्नरेबल', म्हणजे धोक्याच्या पहिल्या पायरीवर, नोंदला आहे. त्याच यादीत, त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या वर, 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' म्हणजे नाहीसं होण्याच्या अगदी काठावर, एक मासा आहे. स्कॅलप्ड हॅमरहेड, हातोड्यासारखं आडवं डोकं असलेली शार्क. कोकणात हातोडी डोक्याच्या शार्कला कानमुशी म्हणतात. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात कुणीतरी एकदा हा विषय काढला आणि दुसरा कुणीतरी म्हणाला, "अहो, कानमुशी जगभरच्या उष्ण समुद्रांत आहे. आपला गवतपक्षी चार जिल्ह्यांच्या डोंगरांवर. मग जास्त धोक्यात कोण?" प्रश्न गैर नव्हता. गवतपक्ष्याचा सगळा संसार घाटमाथ्याच्या गवताळ उतारांवर, आणि जगात एकूण पक्षी दहा हजारांच्या आतच असावेत असा अंदाज. कानमुशीला तीन महासागर. तरी यादीत ती वर का?

कारण यादीत शिरायला दरवाजे अनेक आहेत. एका दरवाज्यावर संख्या विचारतात. प्रौढ प्राणी 10,000 पेक्षा कमी आणि तेही घटत चाललेत, तर या आत. दुसऱ्या दरवाज्यावर संख्या विचारतच नाहीत, घसरण विचारतात. गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, किती टक्के कमी झालात? ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर थेट शेवटच्या पायरीवर. कानमुशी या दुसऱ्या दरवाज्यानं आत आली. तिची एक पिढी सुमारे 24 वर्षांची धरतात. म्हणजे तीन पिढ्या सत्तर-बहात्तर वर्षं. माझ्या आजीच्या लग्नापासून आजपर्यंतचा काळ. तेवढ्यात शंभरातल्या ऐंशीहून जास्त गेल्या. गवतपक्ष्याची पिढी काही वर्षांत उलटते, त्यामुळे त्याच्याकडे तीन पिढ्यांपूर्वी बघायचं म्हणजे फार मागं वळायचंच नाही.

आता आजीच्या काळातल्या कानमुशींची संख्या आली कुठून? त्या वेळी समुद्रात उभं राहून, कान देऊन त्या कुणी मोजल्या होत्या? माझ्या डोक्यात हा प्रश्न आला तो कॉलेजमुळे.

साताऱ्याला समुद्र नाही. तरीही नव्वदच्या दशकात या भागात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या कुणालाही विचारा, शार्क आम्ही हातात घेतलेली आहे. प्रॅक्टिकलच्या खोलीत फॉर्मालिनचं पिंप यायचं आणि त्यात स्कोलिओडॉन. हातभरही नाही, चपट्या लांब नाकाची, करड्या रंगाची. भारतातल्या कॉलेजांत शार्क म्हणजे हीच. 1928 साली तिच्यावर इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स मालेत एक अख्खा ग्रंथ निघाला आणि पुढं पिढ्यान् पिढ्या त्यातल्या आकृत्या आमच्या जर्नलांत उतरत राहिल्या. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवायची, डोळ्याभोवतीचं मांस हळूहळू खरवडायचं आणि कवटीतून निघणाऱ्या चेता मोकळ्या करायच्या. पाचवी, सातवी, नववी, दहावी. परीक्षेला हमखास. चेता तुटली की मार्क गेले. अंतःकर्ण काढायचं काम त्याहून अवघड. तीन अर्धवर्तुळी नळ्या, तुटू न देता, काचेवर. नाकावरच्या बारीक छिद्रांतून दाबलं की पारदर्शक जेली यायची. त्या छिद्रांचं नाव अँप्युला ऑफ लोरेन्झिनी. स्तेफानो लोरेन्झिनीनं त्यांचं वर्णन 1678 मध्ये केलं, पण त्यांचा उपयोग कळायला विसावं शतक यावं लागलं. वाळूखाली दडलेल्या सावजाच्या स्नायूंतून निघणारी अतिसूक्ष्म वीज शार्कला या जेलीतून जाणवते.

एखाद्या पोटात पिल्लं निघायची. मग सगळी बॅच त्या ट्रेभोवती. ही शार्क अंडी घालत नाही. तिचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर, त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नाहीच, आणि पिल्लू आईच्या पोटात नाळेवर वाढतं, आपल्यासारखं. मासा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं चित्र त्या नाळेपाशी संपायचं. आमचे सर ती पिल्लं बाटलीत घालून कपाटात ठेवायचे. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं कॉलेजांतलं विच्छेदन बंद करायला सांगितलं आणि ते पिंप गेलं. चांगलंच झालं. पण आमच्यापैकी शेकडो जणांनी शार्कचा कान स्वतःच्या हातानं काढला आणि एकानंही ती कुठल्या बंदरावरून, कुणाच्या जाळ्यातून आली हे विचारलं नाही, हे मात्र मला आता विचित्र वाटतं.

स्कोलिओडॉन, कोकणातली छोटी मोरी, ही शार्कच्या कुळातली अपवादात्मक चपळ बाई. वर्षा-दोन वर्षांत वयात येते, बाराही महिने तिच्या पोटात पिल्लं सापडतात, एका वेताला दहा-बारा पिल्लं सहज. तरी तीसुद्धा यादीत 'नियर थ्रेटन्ड'पर्यंत, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यापर्यंत, सरकली आहे. कानमुशीचं गणित वेगळं. मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं, पोट वागवायचं जवळपास वर्षभर, आणि जन्मलेली पिल्लं वाढतात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, म्हणजे नेमकी जिथं बारीक आसाची जाळी फिरतात तिथं. समुद्र तिच्यासाठी अजून तसाच आहे. घर शाबूत, माणसं संपत चाललेली, असं तिचं झालं आहे. गवतपक्ष्याचं उलट. त्याला कुणी पकडत नाही, खात नाही, पिंजऱ्यात ठेवत नाही. त्याचं फक्त घर आटतं आहे.

साताऱ्याच्या मासळी बाजारात मोरी येते ती कोकणातून, बहुतेक कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे, थर्माकोलच्या पेट्यांत बर्फावर. इथल्या माणसाला खरी सवय मटणाची. माशांत म्हणाल तर मरळ, कटला, धरणातली चिलापी. पण कोकणातून घाटावर आलेली घरं बरीच, आणि काटा नाही म्हणून मोरी इतरांच्याही घरात शिरली.

"घ्या ताई, मोरी हाय. कालवण करा, पोरं बोटं चाटतील. काटा न्हाई, काय न्हाई."

"कुठली आहे मावशी?"

"रत्नांग्रीची. घरात बाळंतीण हाय का? तिला तर घ्याच. दूध वाढतंय."

बाळंतिणीला मोरी ही समजूत कोकणात आहे, तमिळनाडूतही अशीच एक आहे. मी बर्फावर बघत होते. हातभर लांबीचे, सोललेले, पांढरट गुलाबी तुकडे. डोकं नाही, शेपूट नाही, पर नाहीत, कातडं नाही.

"मुंडकं कुठं गेलं हो?"

"मुंडकं तिकडंच काढत्यात. त्याला कोन घेतंय हितं?"

म्हणजे समोर असलेला तुकडा छोट्या मोरीचा, की दुसऱ्याच एखाद्या शार्कचा, की कानमुशीच्या पिल्लाचा, हे मी, जिनं शार्कच्या डोक्यातल्या चेता एकेक करून मोकळ्या केल्या होत्या, सांगू शकत नव्हते. हातोडीसारखं डोकं हीच कानमुशीची ओळख आणि तेच बंदरावर राहिलेलं. बर्फावर ती फक्त मोरी. किलोचा भाव ठरलेला.

माझं म्हणणं आहे ते इथं. पक्षी आपण जिवंत असताना मोजतो. मासा मेल्यावर. पक्षी नगावर, मासा टनावर. जुलैत मी एक लकेर वहीत लिहिते तेव्हा तो पक्षी गाऊन झाल्यावर गवतात परत जातो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या वहीत पुन्हा येऊ शकतो. माझ्या मोजण्यानं त्याचं काही कमी होत नाही. कानमुशीची नोंद व्हायची तर ती आधी बंदरावर यावी लागते. तिच्याबद्दल आपल्याला जे आकडे ठाऊक आहेत त्यातला बहुतेक प्रत्येक आकडा म्हणजे एक गेलेला प्राणी. आजीच्या काळाशी तुलना झाली ती अशाच पकडीच्या नोंदींवरून.

भारतात सागरी मासेमारीचे हे हिशेब कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, सीएमएफआरआय, ठेवते. 1947 साली सुरू झालेली संस्था. तिची माणसं देशभरच्या बंदरांवर निवडक दिवशी उभी राहतात, उतरलेली मासळी बघतात, वजनं घेतात आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. काम चिकाटीचं आहे, आणि ते नसतं तर आपण अंधारातच असतो. शार्क, पाकट आणि त्यांचे भाऊबंद मिळून भारतातली आवक 1998 च्या सुमारास 75,000 टनांच्या आसपास पोचली होती. पुढच्या वीस वर्षांत ती 40-45 हजारांवर आली. आता हा उतरता आकडा वाचायचा कसा? मासे कमी झाले असं वाचता येतं. बोटी दुसऱ्या माशामागं गेल्या, जाळी बदलली, डिझेल महागलं, असंही वाचता येतं. आणि चढता आकडा तर त्याहून फसवा. 1998 साली बंदरावरच्या माणसाला वाटलं असेल, काय बरकत आहे. पक्ष्यांच्या बाबतीत आवाज वाढले म्हणजे पक्षी वाढले. माशांच्या बाबतीत आकडा वाढला म्हणजे फक्त मेलेले वाढले.

पक्ष्यांकडे दुसरी एक चैन आहे. मोजणारी माणसं. 2023 चा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स हा अहवाल देशातल्या तीस हजारांहून जास्त हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. 942 जातींचा त्यात विचार झाला आणि 178 जातींना तातडीनं लक्ष द्यायची गरज आहे असं निघालं. बँकेत काम करणारे, निवृत्त तहसीलदार, नववीतली पोरं, सगळ्यांच्या सुट्टीच्या सकाळी त्यात आहेत. शार्कसाठी असं काय करणार? रत्नागिरीच्या गढूळ पाण्यात सुट्टीच्या सकाळी कोण बुडी मारून बसणार?

मी हे सगळं मनात नीट लावून ठेवलं होतं. पक्ष्याला जागा लागते, शार्कला उसंत लागते. पक्ष्याचं घर वाचवा, तो भराभर वाढेल. शार्कला सोडून द्या, ती हळूहळू वाढेल. माझं हे साधंसोपं शास्त्र मोडलं एका भारीटानं.

माण-खटावच्या शाळवावर हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या भारिटांचे थवे पडतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गोफण घेऊन माचाणावर बसणारा त्यांना वेगळ्याच नावांनी ओळखतो, ती इथं छापता येणार नाहीत. या भारिटाचा एक नातेवाईक आहे, पिवळ्या छातीचा भारीट. फिनलंडपासून पार पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत त्याची वीण व्हायची. इतका मुबलक की 2004 पर्यंत लाल यादीत तो निर्धास्त गटात होता. 2017 मध्ये तो 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' झाला, कानमुशीच्याच पायरीवर. 1980 ते 2013 या काळात त्याची संख्या 84 ते 95 टक्क्यांनी घटली असं संशोधकांनी मांडलं. कारण? स्थलांतराच्या वाटेवर चीनमध्ये रात्री बोरूच्या बेटांत झोपायला उतरणारे थवे जाळ्यांनी धरले जात आणि खायला विकले जात. चीननं 1997 मध्ये बंदी घातली, त्यानंतरही हे चालू राहिलं. गाणारा पक्षी, वर्षाला चार-पाच अंडी घालणारा, घर शाबूत असलेला, आणि तरीही कानमुशीसारखाच संपत आला. तो जाळ्यात आणि वजनात शिरला त्या दिवशी पक्षी राहिला नाही, मासळी झाला. तेव्हा फरक पक्षी आणि शार्क यांच्यात जेवढा आहे त्याहून जास्त आपण कुणाला कुठल्या वहीत लिहितो यात आहे, असं मला वाटू लागलं.

मग उलटंही होईल का? शार्क पक्ष्यांच्या वहीत येऊ शकेल? थोडी सुरुवात झाली आहे. ग्लोबल फिनप्रिंट नावाच्या प्रकल्पानं 58 देशांतल्या 371 प्रवाळ खडकांवर आमिष लावलेले कॅमेरे पाण्यात सोडले आणि समोरून कोण जातं ते बघितलं. एकही शार्क न मारता केलेली मोजणी. 2020 मध्ये निष्कर्ष आले. जवळजवळ दर पाच खडकांपैकी एकावर तासन् तास एकही शार्क फिरकली नाही. आमच्या दहा मिनिटं उभं राहण्याचाच हा पाण्यातला अवतार. फक्त त्याला स्वच्छ पाणी लागतं, आणि आपल्या किनाऱ्याचं पाणी नद्यांच्या गाळानं मळलेलं. त्यावरही उपाय निघाला आहे. तांब्याभर पाणी घ्यायचं, गाळायचं आणि त्यात कुणाच्या कातड्याचे, विष्ठेचे कण आहेत ते डीएनएवरून ओळखायचं. कानमुशी न बघता, न ऐकता, ती इथून गेली होती एवढं कळतं.

ऐकण्यावरून आठवलं. शार्क मुकी असते, असंच आम्ही शिकलो. माशांत गुरगुरणारे, टकटकणारे पुष्कळ आहेत, पण ते हवेच्या पिशवीच्या जोरावर, आणि शार्कला ती पिशवीच नाही. 2025 मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी रिग नावाच्या छोट्या शार्कच्या आवाजाची पहिली नोंद जाहीर केली. तिला हातात धरून टाक्यांमधून नेताना ती टिकटिक आवाज करत होती, बहुधा दातांवर दात आपटून. ही रिग तिकडच्या खाणावळींत तळून मिळते. शार्कच्या आवाजाची पहिली खात्रीची नोंद झाली ती हातात पकडलेल्या शार्कची, हे वाचल्यावर मी थोडा वेळ तशीच बसले. मग जाऊन भात लावला.

गवतपक्ष्यावर संकट आणणारी माणसं वाईट नाहीत, हा त्यातला खरा पेच आहे. वळवाचा पाऊस झाला की साताऱ्यात झाडं लावायची लाट येते. शाळा, मंडळं, कचेऱ्या, सगळे रोपं घेऊन डोंगरावर. महसुली भाषेत गवताचा उतार म्हणजे पोटखराबा; सरकारी नकाशांत तर देशभरचा माळ पडीक जमिनीत मोजलेला. पडीक म्हटल्यावर ती भरायची, हे ओघानं आलंच. पण जिथं कातळावर वीतभर माती आहे आणि हजारो वर्षं गवतच आहे, तिथं ओळीनं लावलेल्या झाडांत गवतपक्षी राहत नाही. तो झाडीचा पक्षी नाही. कुणाला हे सांगायला गेलं की समोरचा बघतो तो अशा नजरेनं की ही बाई झाडांच्या विरुद्ध आहे. उरलेल्या उतारांवर प्लॉटिंग, रस्ते, बंगले. वणव्याला मी त्या मानानं कमी घाबरते. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो, तेव्हा घरट्यात कुणी नसतं आणि पावसात गवत परत येतं. (दरवर्षी पेटवावं असं नाही. सरडे, किडे, रोपं यांचे हाल होतातच.) पवनचक्क्यांचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. चाळकेवाडीवरच भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आहेत आणि त्यामुळे सरडे वाढलेत, निवांतही झालेत. एकाचं घर मोडलं की दुसऱ्याचं बसतं.

एक योगायोग मला आवडतो. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. म्हणजे सड्यावर गवतपक्षी गात असतो, त्याच्या पिल्लांची धांदल असते, नेमक्या त्या दिवसांत बोटी खाडीत बांधलेल्या असतात आणि कानमुशीला सुट्टी असते. दोन महिने दोघंही आपल्याला सापडत नाहीत. एक ढगात, एक पाण्यात. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडतात. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे बाजारात पहिली मोरी दिसायला लागते तेव्हा सड्यावरचं गाणं विरळ व्हायला लागलेलं असतं. सुट्टी दोन महिन्यांची आणि मादीचं पोट वर्षभराचं, हा हिशेब कानमुशीला पुरत नाही. कायद्यानंही थोडं फार केलं आहे. हातोडी शार्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साईट्स करारानं 2013 मध्ये बंधनं ठरवली, भारतानं 2015 मध्ये शार्कच्या परांची निर्यात थांबवली. पण मोरीचं मटण देशातच खपतं, त्याला निर्यातबंदीनं काय होणार? आणि सोडून द्या म्हणावं तर कानमुशी जाळ्यात फार तग धरत नाही. वर येईपर्यंत बरेचदा मेलेली असते.

म्हणून मला लांबीचा नियम कामाचा वाटतो. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याखालचा मासा पकडायचा नाही. मोरीलाही असा नियम नीट लागला, आणि तो बंदरावरच नव्हे तर घाटावरच्या बाजारातही विचारला गेला, तर पिल्लांचा भाव पडेल आणि भाव पडला की जाळ्यांचे आस मोठे होतील, असा माझा हिशेब. पण माशाची लांबी मोजतात ती नाकाच्या टोकापासून. आमच्याकडे येणाऱ्या मोरीला नाकच नसतं. मी मावशींना हे सांगून बघितलं. म्हटलं, मुंडक्यासकट मागवा, म्हणजे कुठली मोरी ते तरी कळेल, गिऱ्हाईक विचारून घेईल.

मावशी हसल्या. बर्फ उपसता उपसता म्हणाल्या, "ताई, टेम्पोवाला किलोवर भाडं घेतोय. मुंडक्याचं भाडं तुमी भरताय का?"